जुनी एसयूव्ही घेताय? आधी चेसिस नंबरवरून ‘रिकॉल’ तपासा. कोणत्या गाड्या परत बोलावल्या, तक्रार कुठे करायची, वाचा सविस्तर

सोलापूर : ऊसबिल खात्यावर जमा झालं, लग्नसराई तोंडावर आली की जिल्ह्यातल्या गावागावांत जुन्या सात-आठ सीटर गाड्यांची चौकशी सुरू होते. पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूरला सगळं घर एका गाडीत बसून जावं, एवढीच अपेक्षा असते. नवीन गाडी परवडत नाही, म्हणून पाच-सात वर्षं वापरलेली स्कॉर्पिओ, एर्टिगा, ब्रेझा, एक्सयूव्ही नाहीतर एन्डेव्हर बघितली जाते. गाडी बघताना टायर, रंग, इंजिनचा आवाज, किलोमीटर, विमा हे सगळं तपासलं जातं. एक प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो : ‘ह्या गाडीला कंपनीचा रिकॉल होता का, आणि ते काम झालंय का?’

हा प्रश्न पैशांचा कमी आणि जिवाचा जास्त आहे. रिकॉलमध्ये बहुतेक वेळा एअरबॅग, सीटबेल्ट, ब्रेक, क्लच, वायरिंग असे भाग असतात. रोजच्या वापरात त्यातला दोष दिसत नाही. अपघात झाला किंवा गाडी रस्त्यात पेटली, तेव्हाच तो कळतो.

रिकॉल म्हणजे नेमकं काय?

एखाद्या ठरावीक काळात कारखान्यातून बाहेर पडलेल्या गाड्यांमध्ये एकाच प्रकारचा दोष आढळला, तर कंपनी त्या गाड्या परत बोलावून तो भाग तपासते, दुरुस्त करते किंवा बदलून देते. त्याचे पैसे मालकाकडून घेतले जात नाहीत. रिकॉल माणसाच्या नावावर नसतो, चेसिस नंबरवर असतो. त्यामुळे गाडी दुसऱ्या-तिसऱ्या हाताची असली, वॉरंटी संपलेली असली, तरी ते काम मोफत करून मागता येतं.

अडचण निरोपाची आहे. कंपनीचा फोन, मेसेज किंवा पत्र जातं ते पहिल्या मालकाच्या नंबरवर. गाडी पुण्यातून टेंभुर्णीला, तिथून सांगोल्याला विकली गेली की तो निरोप पुण्यातच राहतो. त्यात गावाकडे वॉरंटी संपल्यावर गाडी अधिकृत सर्व्हिस सेंटरला जातच नाही, जवळच्या मेस्त्रीकडे जाते. मेस्त्री कितीही चांगला असला तरी कंपनीच्या रिकॉलची यादी त्याच्याकडे नसते.

आपल्याकडे दिसणाऱ्या गाड्यांचे काही मोठे रिकॉल

खालची यादी पूर्ण नाही. पण जुन्या बाजारात हमखास दिसणाऱ्या गाड्या यात आहेत. आरसी बुकवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष असतं, ते यादीशी ताडून पाहावं.

• शेव्हरोले टवेरा (२००५ ते २०१३) : जुलै २०१३ मध्ये जनरल मोटर्सने सुमारे १ लाख १४ हजार टवेरा परत बोलावल्या. प्रश्न धुराच्या उत्सर्जनाचा आणि ठरलेल्या मानकांचा होता. कंपनीने २०१७ अखेर भारतातली विक्रीच बंद केली. आज टवेरा घेणाऱ्याने सुटे भाग आणि सर्व्हिस कुठे मिळते, हे आधी पाहावं.

• महिंद्रा स्कॉर्पिओ ईएक्स (मे २०१२ ते नोव्हेंबर २०१३) : २०१४ साली २३,५१९ गाड्या प्रेशर रेग्युलेटिंग व्हॉल्व्ह बदलण्यासाठी बोलावल्या होत्या.

• फोर्ड एन्डेव्हर, जुनी (फेब्रुवारी २००४ ते सप्टेंबर २०१४) : जुलै २०१९ मध्ये २२,६९० गाड्यांच्या पुढच्या एअरबॅगचे इन्फ्लेटर तपासण्यासाठी रिकॉल निघाला. इन्फ्लेटर म्हणजे अपघाताच्या क्षणी एअरबॅग फुगवणारा भाग.

• मारुती एर्टिगा, व्हिटारा ब्रेझा, एस-क्रॉस, एक्सएल-६, सियाझ पेट्रोल (४ मे २०१८ ते २७ ऑक्टोबर २०२०) : सप्टेंबर २०२१ मध्ये १,८१,७५४ गाड्यांचा रिकॉल जाहीर झाला. दोष मोटर जनरेटर युनिटमध्ये होता. काम होईपर्यंत साचलेल्या पाण्यातून गाडी नेऊ नका आणि विजेच्या भागांवर थेट पाण्याचा फवारा मारू नका, अशी सूचना कंपनीने तेव्हा दिली होती. वॉशिंग सेंटरवर बॉनेट उघडून प्रेशरने इंजिन धुण्याची सवय असलेल्यांनी हे लक्षात ठेवावं.

• किया कॅरेन्स : ऑक्टोबर २०२२ मध्ये ४४,१७४ गाड्या एअरबॅग कंट्रोल मॉड्यूलचं सॉफ्टवेअर तपासण्यासाठी बोलावल्या.

• महिंद्रा एक्सयूव्ही-७०० आणि स्कॉर्पिओ-एन, मॅन्युअल गिअर (१ जुलै ते ११ नोव्हेंबर २०२२) : १२,५६६ एक्सयूव्ही आणि ६,६१८ स्कॉर्पिओ-एन. क्लचच्या बेल हाउसिंगमधल्या रबरी बेलोचं माप चुकण्याची शक्यता होती. चूक सुटा भाग पुरवणाऱ्याच्या कारखान्यातली होती.

• मारुती ब्रेझा, एर्टिगा, एक्सएल-६, ग्रँड व्हिटारा, सियाझ (२ ते २८ नोव्हेंबर २०२२) : ९,१२५ गाड्यांच्या पुढच्या सीटबेल्टची उंची कमी-जास्त करणारा भाग तपासण्यासाठी रिकॉल.

• महिंद्रा एक्सयूव्ही-७०० (८ जून २०२१ ते २८ जून २०२३) : ऑगस्ट २०२३ मध्ये १,०८,३०६ गाड्या इंजिनजवळची वायरिंग तपासण्यासाठी बोलावल्या. वायरिंग घासून कापली जाण्याचा धोका होता. वायरवरचं आवरण गेलं की शॉर्ट सर्किट होऊ शकतं.

यादीत गाडीचं नाव दिसलं म्हणून ती गाडी वाईट, असं समजू नये. रिकॉल झालेली आणि काम पूर्ण केलेली गाडी घ्यायला हरकत नाही. धोका आहे तो रिकॉल झालेल्या, पण काम न केलेल्या गाडीत.

एअरबॅगचा रिकॉल का टाळू नये

जगातला सर्वात मोठा वाहन रिकॉल टकाटा या जपानी कंपनीच्या एअरबॅगचा आहे. तिच्या इन्फ्लेटरमध्ये अमोनियम नायट्रेट वापरलेलं होतं. वर्षानुवर्षं उष्णता आणि दमटपणा लागला की ते खराब होतं. मग अपघातात एअरबॅग फुगताना इन्फ्लेटरचं धातूचं कवच फुटून तुकडे थेट माणसाच्या अंगात घुसतात. वाचवणारी वस्तूच जीव घेते. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर असतो आणि गाड्या दिवसभर उन्हात उभ्या असतात. जुन्या गाडीच्या एअरबॅगचा रिकॉल शिल्लक असेल, तर काम होईपर्यंत ती गाडी घेऊच नये.

आणखी दोन गोष्टी. चालकाची एअरबॅग आणि एबीएस २०१९ पासून सक्तीचे झाले, तर पुढच्या दोन्ही सीटच्या एअरबॅग २०२२ च्या सुरुवातीपासून सगळ्या नव्या गाड्यांना लागू झाल्या. त्याआधीच्या बेसिक मॉडेलमध्ये त्या नसूही शकतात. दुसरं म्हणजे, पुढे बसवलेला जाड लोखंडी गार्ड. केंद्रीय मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच असे गार्ड बेकायदा ठरवले आहेत. गार्डमुळे धडकेचा जोर सेन्सरपर्यंत नीट पोचत नाही आणि एअरबॅग उघडायला उशीर होऊ शकतो. गाडीला तो असेल तर आधी काढून टाकावा.

तपासायचं कसं? चार पायऱ्या

१. चेसिस नंबर मागा. तो १७ अक्षर-अंकी असतो. आरसीवरचा नंबर आणि गाडीवर कोरलेला नंबर स्वतः जुळवून पाहा. विकणारा नंबर द्यायला टाळाटाळ करत असेल, तर व्यवहार तिथेच थांबवलेला बरा.

२. कंपनीच्या वेबसाइटवर टाका. बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या साइटवर रिकॉल किंवा सर्व्हिस कॅम्पेन तपासायची सोय असते. नंबर टाकला की काम बाकी आहे का ते कळतं. जमत नसेल तर कंपनीच्या ग्राहक सेवा क्रमांकावर विचारता येतं.

३. अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून हिस्ट्री काढा. कोणत्या तारखेला, किती किलोमीटरला, काय काम झालं याची नोंद तिथे मिळते. रिकॉलचं काम आणि किलोमीटर मागे फिरवलेत का, या दोन्हींचा उलगडा एकाच कागदात होतो.

४. काम बाकी असेल तर ते करूनच गाडी ताब्यात घ्या. जॉब कार्डची प्रत जपून ठेवा. गाडी आधीच घेतली असेल तर सर्व्हिस सेंटरमध्ये आपलं नाव आणि मोबाइल नंबर नोंदवा. म्हणजे पुढचा निरोप आपल्याला येईल.

रिकॉल नाही, पण मालकांच्या तक्रारी आहेत

प्रत्येक दोषाचा रिकॉल निघत नाही. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांबाबत मालकांची नेहमीची तक्रार म्हणजे धुराड्यातला डीपीएफ फिल्टर चोंदणे. हा फिल्टर काजळी अडवतो आणि इंजिन तापल्यावर ती जाळून टाकतो. त्यासाठी गाडी काही वेळ सलग, एका वेगात पळावी लागते. वस्तीवरून गावात, गावातून कारखान्यावर अशा दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत ते होत नाही. मग डॅशबोर्डवर दिवा लागतो, गाडीची ताकद कमी होते आणि खर्च मोठा निघतो. रोजचं फिरणं जवळचंच असेल, तर जुनी बीएस-६ डिझेल घेण्याआधी पेट्रोलचा विचार करावा.

दुसरी तक्रार वायरिंगची. शेतवस्तीवर उभ्या गाडीत उंदीर शिरतात. कुरतडलेली वायर टेप गुंडाळून जोडलेली असेल, तर ती पुढे केव्हाही दगा देते. ह्यात कंपनीचा दोष नाही, पण तपासणी हवीच.

तिसरी गोष्ट पुराची. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीच्या पुराने माढा, मोहोळ, करमाळा भागात हाहाकार उडवला. पाण्यात बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून बाजारात येतात. सीटखालचे बोल्ट गंजलेत का, सीटबेल्ट पूर्ण ओढल्यावर शेवटच्या टोकाला गाळाचा डाग आहे का, मॅटखाली कुबट वास येतो का, हे बघावं. बुडालेल्या गाडीचा एअरबॅगचा सेन्सर आणि कंट्रोल मॉड्यूल भरवशाचे राहत नाहीत.

कायदा काय सांगतो?

भारतात वाहन उत्पादकांच्या संघटनेने २०१२ मध्ये स्वेच्छा रिकॉलची पद्धत आणली. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०-अ आलं आणि १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू झाले. ठरलेल्या प्रमाणात मालकांच्या तक्रारी आल्या, तर चौकशी होऊन सरकार कंपनीला रिकॉलचा आदेश देऊ शकतं. अशा सक्तीच्या रिकॉलमध्ये कंपनीला १० लाख ते १ कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्यासाठी गाडी सात वर्षांच्या आतली असावी लागते. कंपनीने स्वतःहून केलेल्या रिकॉलला मात्र वयाचं बंधन नाही. वर दिलेल्या एन्डेव्हरच्या रिकॉलमध्ये १५ वर्षं जुन्या गाड्याही होत्या.

म्हणूनच सुरक्षेशी संबंधित दोष असेल तर ‘जाऊ दे’ म्हणून सोडू नये. परिवहन विभागाच्या ‘वाहन’ पोर्टलवर रिकॉलसाठी तक्रार नोंदवायची सोय आहे. एकट्याच्या तक्रारीने रिकॉल निघत नाही, पण तक्रारी मोजूनच तो निघतो.

नुकसान झालं तर दाद कुठे?

ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. त्याने काम झालं नाही, तर सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. गाडीसाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्ह्यातच चालते. ५ लाखांपर्यंत फी लागत नाही. मुदत दोन वर्षांची आहे. गाडी व्यापाऱ्याकडून घेतली असेल तर त्याच्याविरुद्ध इथे दाद मागता येते. ओळखीच्या माणसाकडून घेतली असेल तर हा मार्ग अवघड होतो. त्यामुळे व्यवहार लेखी करावा आणि ‘रिकॉलचं काम झालं आहे, गाडी अपघातग्रस्त किंवा पुरात बुडालेली नाही’ ही ओळ त्यात घालावी.

ग्राहकाचं ऐकलं जातं का? दिल्लीच्या एका ग्राहकाने २०१५ मध्ये क्रेटा घेतली होती. नोव्हेंबर २०१७ मध्ये अपघात झाला आणि एअरबॅग उघडल्याच नाहीत. राज्य ग्राहक आयोगाने गाडी बदलून देण्याचा आणि एकूण ३ लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. धडकेचा वेग आणि जोर यांचं गणित ग्राहकाने मांडावं, अशी अपेक्षा ठेवता येत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे.

व्यवहार करताना हे विसरू नका

• फॉर्म २९ आणि ३० भरून आरसी नावावर करून घ्या. जिल्ह्यात एमएच-१३ सोलापूरला आणि एमएच-४५ अकलूजला आहे.
• गाडीवर कर्ज असेल तर बँकेचा फॉर्म ३५ आणि ना-हरकत पत्र घ्या.
• विमा १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्या.
• व्यापाऱ्याकडून घेत असाल तर त्याच्याकडे आरटीओचं अधिकारपत्र आहे का ते विचारा. एप्रिल २०२३ पासून ते आवश्यक आहे.
• चेसिस नंबर मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा आणि सहा महिन्यांतून एकदा कंपनीच्या साइटवर टाकून बघा. पाच मिनिटांचं काम आहे, पैसे लागत नाहीत.