ताप लपवला त्याची गोष्ट, आणि १८९७ साल



आजचं लिखाण थोडं लांब आहे. स्वयंपाकघर आवरून, सूर्यास्ताच्या आत जेवणं उरकून निवांत बसलात की वाचा.

सप्टेंबर २०२० मधली गोष्ट. सरकारची ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम नुकतीच सुरू झाली होती. आशाताई घरोघरी येऊन ताप मोजत, बोटाला ऑक्सिमीटर लावत, कुणाला काय त्रास आहे ते वहीत लिहून घेत. आमच्या दारात ताई उभ्या राहिल्या तेव्हा आतल्या खोलीत सासूबाईंना आदल्या रात्रीपासून ताप होता. ताईंनी विचारलं, ‘‘काकू, घरात सगळे बरे ना?’’ आणि मी म्हटलं, ‘‘हो हो, सगळे बरे.’’

दशलक्षण पर्व संपून पुरता महिनाही झाला नव्हता. उत्तम सत्याच्या दिवशी मीच घरच्यांना पाठ वाचून दाखवला होता.

का खोटं बोलले? सासूबाई ऐंशीच्या. रात्रीचं पाणीसुद्धा घेत नाहीत. गाळलेल्या, उकळलेल्या पाण्याशिवाय त्यांना चालत नाही. नाव वहीत गेलं की गाडी येणार, त्यांना केंद्रावर नेणार, तिथे आम्हाला जाता येणार नाही, आणि त्या उपाशी राहून मनानेच खचतील, एवढं एकच चित्र माझ्या डोळ्यांपुढे होतं. पुढे त्यांचा ऑक्सिजन उतरला आणि शेवटी दवाखान्यात न्यावंच लागलं. बारा दिवसांनी त्या सुखरूप घरी आल्या. पण त्या दोन दिवसांत आमच्याकडे भांड्याला येणाऱ्या बाईंनाही लागण झाली. त्यांच्या दोन खोल्यांत पाच माणसं राहतात. त्या बऱ्या झाल्या, त्यांचा पगार आम्ही दिला, सगळं केलं. तरी ‘सगळे बरे’ हे शब्द काही माझा पिच्छा सोडेनात.

त्या हिवाळ्यात मी १८९७ च्या प्लेगबद्दल मिळेल ते वाचत सुटले. आपल्या आधीच्या बायकांनी त्या वेळी काय केलं, ते मला जाणून घ्यायचं होतं.

प्लेगचा मुंबईतला पहिला बोलबाला सप्टेंबर १८९६ मध्ये झाला, तो मांडवी भागात. डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारी, आणि वखारवाले बरेचसे कच्छी-गुजराती व्यापारी. त्यांत भाटिया, लोहाणा होते, तसे आपले जैन बांधवही होते. माणसं पडण्याआधी तिथे उंदीर मरून पडत होते. पण उंदराच्या अंगावरच्या पिसवेमुळे रोग पसरतो, हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत १८९८ मध्ये ते दाखवून दिलं, आणि त्याच्यावर विश्वास बसायलाही आणखी काही वर्षं गेली. तोवर सरकारच्या मते दोष घाणीचा, ओलीचा, गटारांचा, अंगावरच्या कपड्यांचा. म्हणून गटारं धुवा, घरात कार्बोलिक फवारा, जमीन उकरा, चुना मारा, अंथरुणं जाळा, आजारी माणसाला उचलून न्या आणि घरच्यांना वेगळ्या छावणीत ठेवा. उंदरांची बिळं पाण्याने भरली की उंदीर शेजारच्या घरात जाणार, हे आपल्यातली कुठलीही गृहिणी सांगेल. पण गृहिणीला विचारतो कोण!

मुंबईत ऑक्टोबर १८९६ मध्येच रुग्णांना सक्तीने हलवण्याचा हुकूम निघाला. महिनाअखेरीस गिरणी कामगारांचा मोठा जमाव आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेला, तेव्हा महापालिकेला माघार घ्यावी लागली. मग ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा आला. चारच कलमांचा, एका पानात मावणारा. प्रवाशांना तपासा, संशयिताला वेगळं ठेवा, मोडेल त्याला शिक्षा, आणि सद्हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा लावता येणार नाही. मार्च २०२० मध्ये आपल्या बस्त्या बंद झाल्या त्या याच कायद्याच्या आधाराने. सव्वाशे वर्षांचं हे म्हातारं कपाटातून काढून पुन्हा कामाला लावलं, हे वाचून मला आधी हसू आलं, मग नाही आलं.

पुण्याची हकिकत तुम्ही शाळेत वाचलीच आहे. रँड, चापेकर बंधू, २२ जून १८९७, गणेशखिंड. रँड आणि आयर्स्ट दोघेही गेले, चापेकर फाशी गेले. पण आपल्या पुस्तकात या गोष्टीची सुरुवात गोळीपासून होते. आधीचे तीन महिने दोन ओळींत उरकतात, आणि बायकांची गोष्ट नेमकी त्या तीन महिन्यांत आहे.

साताऱ्याहून आलेल्या रँडच्या हाती पुण्याची प्लेग समिती दिली गेली आणि मार्चपासून गोऱ्या सैनिकांच्या तुकड्या घरोघर फिरू लागल्या. प्लेगची गाठ येते काखेत नाहीतर जांघेत. म्हणजे तपासायचं ते तिथे. बायकांना बाईनेच तपासावं, घरात जाताना आब राखावा, असे हुकूम कागदावर होते. तक्रारी मात्र वेगळंच सांगत होत्या. सैनिक माजघरात, स्वयंपाकघरात, देवघरात शिरतात. सामान रस्त्यावर फेकतात. बायकांना चारचौघांत उभं करून तपासतात. ज्या बाईने परपुरुषासमोर डोक्यावरचा पदर कधी ढळू दिला नाही, तिला काय वाटलं असेल, ते मी तुम्हाला सांगायला नको.

आणि या सगळ्यात तिचं स्वतःचं म्हणणं कुठे आहे? मी शोधत राहिले. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून मित्रांची पत्रं गेली, त्यांत दोन स्त्रियांवर अत्याचार झाल्याचं आणि एकीने जीव दिल्याचं लिहिलं होतं. गोखल्यांनी ते तिथल्या वर्तमानपत्रात छापलं. मोठी खळबळ उडाली, पुरावा मागितला गेला. गोखले परत आले, पण नाव घेऊन पुढे यायला कुणी तयार होईना. त्यांना जाहीर माफी मागावी लागली. ते काही खोटारडे गृहस्थ नव्हेत. पण त्या काळी कुठल्या घराने आपल्या सुनेचं, लेकीचं नाव कोर्टात नेलं असतं? अत्याचार झाला की नाही, हे आज इतक्या लांबून मी ठरवू शकत नाही. तेव्हा सरकारनेही ते त्या बायकांना विचारून ठरवलं नाही, एवढं मात्र दिसतं.

एक बाई मात्र आपल्या नावानिशी बोलली. पंडिता रमाबाई. त्यांच्या पुण्याच्या शारदा सदनात मुली होत्या, आणि प्लेगच्या रुग्णालयात व छावणीत मुलींना कसं वागवलं जातं याविषयी त्यांनी मे १८९७ मध्ये ‘बॉम्बे गार्डियन’ला पत्र लिहिलं. सरकारने ते अतिरंजित म्हणून उडवून लावलं. रमाबाई ख्रिस्ती झालेल्या, म्हणून पुण्यातल्या सनातनी मंडळींना नकोशा. आणि सरकारविरुद्ध लिहिलं म्हणून सरकारलाही नकोशा. हे वाचून मला त्यांच्याबद्दल फार वाटलं.

त्याच वसंतात दुसरी एक बाई प्लेगच्या अगदी उलट बाजूला उभी होती. सावित्रीबाई फुले. हडपसरच्या बाजूला त्यांचा मुलगा डॉ. यशवंत याने दवाखाना उघडला होता. सावित्रीबाई आजाऱ्यांना तिथे पोचवत, त्यांची सेवा करत. त्यातच लागण होऊन १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. म्हणजे आजाऱ्याला घरातून हलवून दवाखान्यात नेणं, हे काम मुळात वाईट नव्हतंच. सावित्रीबाईंनीही तेच केलं. एकाच गोष्टीला एकीकडे सेवा म्हणतात आणि दुसरीकडे जुलूम, तर मग फरक नेणाऱ्या हातातच असला पाहिजे.

मुंबईत हा फरक थोडा लवकर कळला. तिथल्या प्लेग समितीवर जनरल गॅटेकर होता. लष्करी गडी, पण त्याने निरनिराळ्या ज्ञातींच्या पुढाऱ्यांना बोलावून आपापली रुग्णालयं काढायची मुभा दिली. पारशी, खोजे, भाटिया, जैन अशा अनेक समाजांनी ती काढली. पाणी आपल्या रीतीचं, स्वयंपाकी आपला, मरणाऱ्याच्या कानावर आपलाच मंत्र. तिथे माणसं मुकाट्याने जात. पुण्यात टिळकांनीही हिंदूंसाठी वेगळं प्लेग रुग्णालय चालवलं होतं. तरी मुंबईतही सगळं सुरळीत नव्हतं. मार्च १८९८ मध्ये मदनपुऱ्यातल्या विणकरांच्या वस्तीत एका मुलीला तपासण्यावरून दंगा पेटला. त्यानंतर सरकारने सक्तीची झडती आणि सक्तीने हलवणं हळूहळू सैल केलं.

आता आपल्यालाही लागणारं थोडं. उंदीर मारायची मोहीम निघाली तेव्हा विरोध करणाऱ्यांत आपला समाज पुढे होता. उंदीरही जीवच, हे आपण लहानपणापासून शिकतो. पण रुग्ण लपवण्यातही आपण मागे नव्हतो, कुणीच नव्हतं. लोक रात्रीतून आजाऱ्याला घेऊन गावी पळत, आणि रोग गावोगाव जाई. म्हणून तर मुंबईहून सुटणाऱ्या गाड्यांतले प्रवासी कल्याणला उतरवून तपासत. जीव वाचवायचा म्हणून लपवायचं आणि त्यातून दुसऱ्याच्या घरी रोग पोचवायचा, ही हिंसा कुठल्या खात्यात लिहायची? उंदीर मारायला नको म्हणणाऱ्यांनी हा हिशेब तेव्हा मांडला असेल का? मी तरी २०२० मध्ये मांडला नव्हता.

आमच्या आजेसासूंना, म्हणजे अव्वांना, आमच्या भागातल्या पुढच्या एका साथीची आठवण होती. प्लेग काही एका वर्षात गेला नाही, पुढची वीस-पंचवीस वर्षं फिरून फिरून येत राहिला आणि देशभरात एक कोटीहून जास्त माणसं घेऊन गेला. अव्वा तेव्हा लहान होत्या. त्या सांगत, ‘‘घरात उंदीर पडला की कुणी सरकारी माणसाची वाट बघायचं न्हाई. दुसऱ्या दिशी गाव मोकळं.’’ सगळे माळावर खोपटी घालून राहत. विहिरीला गाळणं लावलेलं, चूल उघड्यावर. बस्तीतली एक लहानशी पंचधातूची मूर्ती उपाध्ये पेटीतून बरोबर आणत आणि आंब्याखाली पूजा होई. अव्वांच्या सांगण्यात त्या दिवसांबद्दल भीती कमी आणि जत्रेसारखी मजाच जास्त असे, कारण सगळी पोरं दिवसभर उन्हात एकत्र.

गंमत बघा, खेड्यांसाठी हाच उपाय सर्वांत चांगला, असं पुढे प्लेगचा अभ्यास करणाऱ्यांनाही आढळलं. उंदीर पडले की घर सोडा. त्यात कुणाचा उंबरठा ओलांडायला नको, कुणाच्या काखेत हात घालायला नको, उंदीरही मारायला नको. अर्थात माळ असणाऱ्या गावाला हे जमतं. मांडवीच्या चाळीत चौथ्या मजल्यावर राहणाऱ्याने जायचं कुठे?

२०२० मध्ये बस्ती बंद झाली त्याचा मला सुरुवातीला फार राग आला होता. ६ एप्रिलची महावीर जयंती आम्ही पाटावर प्रतिमा ठेवून घरीच केली. ऑगस्टमध्ये श्वेतांबर बांधवांच्या एका ट्रस्टने सर्वोच्च न्यायालयात जाऊन पर्युषणाच्या शेवटच्या दोन दिवसांपुरती दादर, भायखळा आणि चेंबूर इथली तीन मंदिरं उघडून घेतली, तीही एका वेळी पाचच माणसं या अटीवर. तेव्हा मला वाटलं, आपणही का नाही गेलो? आज तसं वाटत नाही. कुलूप दरवाजावर होतं, देवावर नव्हतं. बस्तीचं दार बंद झालेलं मी सहन केलं. आमच्या घराच्या दाराशी सरकार आलं तेव्हा मात्र मी खोटं बोलले. १८९७ च्या त्या बायकांशी माझं नातं असेल तर ते एवढंच आहे. तेही पूर्ण नाही, कारण त्यांच्या दारात बंदूकवाला सोल्जर होता. माझ्या दारात सुती साडीतली, घामाघूम झालेली, आमच्याच गल्लीपलीकडे राहणारी बाई होती. तिला थोड्याशा मानधनावर दिवसाला पन्नास-साठ घरं करायची होती आणि संध्याकाळी तिच्याही घरी लहान मूल होतं.

सासूबाई घरी आल्यावर आशाताई पुन्हा आल्या. मी त्यांना पायरीवर खुर्ची दिली, सरबत दिलं. मग म्हटलं, ‘‘ताई, त्या दिवशी आईंना ताप होता. मी तुम्हाला खोटं सांगितलं.’’

त्यांनी वही उघडली, आमचं पान काढलं. ‘‘माहितेय काकू,’’ त्या म्हणाल्या. ‘‘या गल्लीत सहा घरांनी तसंच सांगितलं.’’ आणि ऑक्सिमीटर पुसून पुढे केला. ‘‘बोट द्या.’’