आरोग्य छाननी समिती (इंग्लंड)

इंग्लंडमधील स्थानिक कौन्सिलच्या निवडून आलेल्या सभासदांची समिती. आपल्या हद्दीतील सरकारी आरोग्यसेवा आणि प्रौढांची सामाजिक देखभाल यांचा कारभार तपासणे, जबाबदार अधिकाऱ्यांना जाहीर बैठकीत प्रश्न विचारणे आणि शिफारशी करणे हे तिचे काम. सामाजिक देखभालीची जबाबदारी असलेली १५३ कौन्सिले इंग्लंडमध्ये आहेत आणि आरोग्य छाननीचा अधिकार त्यांच्याकडे आहे. कुठे एकच समिती दोन्ही विषय हाताळते, कुठे दोन स्वतंत्र समित्या असतात. या समितीला रुग्णालय उघडता येत नाही, बंद करता येत नाही, डॉक्टरची बदलीही करता येत नाही. तिच्या हाती प्रश्न असतो, आणि त्या प्रश्नाला उत्तर देण्याचे बंधन समोरच्यावर कायद्याने घातलेले असते.

महाराष्ट्रातील वाचकाला ही रचना थोडी अनोळखी वाटेल. आपल्याकडे प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदच चालवते, त्यामुळे तिची आरोग्य समिती आपल्याच घरचा कारभार पाहते. इंग्लंडमध्ये कौन्सिल रुग्णालये चालवत नाही; ती राष्ट्रीय आरोग्य सेवेची, म्हणजे एनएचएसची असतात आणि एनएचएसचे उत्तरदायित्व लंडनमधील आरोग्यमंत्र्यांपाशी जाते. प्रौढांची देखभाल मात्र कौन्सिलचीच. त्यामुळे समितीला एका हाताने स्वतःच्या खात्याची झडती घ्यावी लागते, तर दुसऱ्या हाताने आपल्या अधिकाराबाहेरच्या संस्थेची.

या दुहेरीपणाचे मूळ ५ जुलै १९४८ या दिवसात आहे. त्या दिवशी एनएचएस सुरू झाली आणि त्याच दिवशी नॅशनल असिस्टन्स ॲक्ट लागू होऊन जुना गरीब-कायदा संपला. आजारपणावरचा उपचार सर्वांना मोफत झाला. वृद्ध आणि अपंगांना आसरा देण्याचे काम कौन्सिलांवर आले, आणि त्याचा खर्च माणसाची ऐपत पाहून वसूल करायचा असे ठरले. ही रेघ आजही पुसलेली नाही. पक्षाघात झालेली एखादी वृद्धा रुग्णालयात खाटेवर असेपर्यंत तिला एक पैसाही द्यावा लागत नाही. घरी आल्यावर तिला अंघोळ घालायला, भरवायला माणूस लागला की ती सामाजिक देखभाल ठरते आणि तिची बचत २३,२५० पौंडांच्या वर असेल तर सहसा सगळा खर्च तिचाच असतो. ही मर्यादा २०१० पासून वाढलेली नाही, महागाई मात्र वाढत गेली. दुखणे तेच, शरीर तेच. फक्त ते कोणत्या खात्याच्या वहीत नोंदले गेले यावर म्हातारपणीची पुंजी राहणार की जाणार हे ठरते. छाननी समितीपुढे येणाऱ्या तक्रारींतल्या कितीतरी याच रेघेवर उभ्या असतात: रुग्णालय म्हणते रुग्ण घरी जाण्याजोगा झाला, कौन्सिल म्हणते देखभालीची सोय अजून झालेली नाही, आणि माणूस तिथेच पडून राहतो.

१९७४ च्या फेररचनेत घरोघरी जाणाऱ्या परिचारिका, रुग्णवाहिका अशा सेवाही कौन्सिलांकडून एनएचएसकडे गेल्या. लोकांचा आवाज म्हणून त्याच वर्षी ‘कम्युनिटी हेल्थ कौन्सिल’ स्थापन झाल्या. त्यांचे निम्मे सभासद स्थानिक कौन्सिलांनी नेमलेले असत. रुग्णालय बंद करण्याला हरकत घेऊन तो प्रश्न मंत्र्यापर्यंत नेण्याची ताकद त्यांच्यात होती. टोनी ब्लेअर यांच्या सरकारने इंग्लंडमध्ये त्या २००३ मध्ये रद्द केल्या. दरम्यान २००० च्या लोकल गव्हर्न्मेंट ॲक्टने बहुतेक कौन्सिलांत सत्ता एका छोट्या कार्यकारी मंडळाच्या हाती दिली होती आणि उरलेल्या सभासदांकडे त्या मंडळावर नजर ठेवण्याचे काम सोपवले होते. मंडळातल्या कुणालाही छाननी समितीवर बसता येत नाही. २००१ च्या हेल्थ अँड सोशल केअर ॲक्टने हीच नजर एनएचएसपर्यंत पोहोचवली आणि २००३ पासून कौन्सिलरांना रुग्णालयाच्या प्रमुखाला बोलावून जाब विचारता येऊ लागला. २०१३ पासून एनएचएसच्या पैशावर सेवा देणाऱ्या खाजगी कंपन्याही या कक्षेत आल्या.

कामाची रीत साधी आहे. बैठक जनतेसाठी खुली असते आणि विषयपत्रिका व कागदपत्रे किमान पाच पूर्ण दिवस आधी प्रसिद्ध करावी लागतात. समिती माहिती मागू शकते, अधिकाऱ्यांना हजर राहायला लावू शकते, शिफारस करू शकते आणि तिला २८ दिवसांत लेखी उत्तर मागू शकते. एनएचएसला एखाद्या सेवेत ‘मोठा बदल’ करायचा असेल तर समितीशी सल्लामसलत करणे बंधनकारक आहे. मोठा कशाला म्हणायचे याची व्याख्या कायद्यात नाही, त्यामुळे पहिला वाद बहुधा त्यावरच होतो. बदल अनेक कौन्सिलांच्या हद्दींत पसरलेला असेल तर संयुक्त समिती नेमावी लागते. एकेका रुग्णाच्या तक्रारीचा निवाडा समिती करत नाही. त्यासाठी लोकपालाची वेगळी वाट आहे. कौन्सिलच्या स्वतःच्या देखभाल खात्याबाबत तिच्याकडे आणखी एक हत्यार असते. कार्यकारी मंडळाने घेतलेला निर्णय, उदाहरणार्थ वृद्धांचे दिवसकेंद्र बंद करण्याचा, अमलात येण्याआधी ती फेरविचारासाठी परत पाठवू शकते.

संयुक्त समितीचे बळ यॉर्कशरमध्ये दिसले. जुलै २०१२ मध्ये एनएचएसच्या एका राष्ट्रीय फेरपाहणीने लीड्स, लेस्टर आणि लंडनचे रॉयल ब्रॉम्प्टन येथील मुलांच्या हृदयशस्त्रक्रिया बंद करून त्या थोड्या मोठ्या केंद्रांत एकवटायचे ठरवले. यामागचा हेतू चुकीचा नव्हता. ब्रिस्टलमध्ये बालहृदयशस्त्रक्रियांत झालेल्या मृत्यूंच्या चौकशीनंतर कौशल्य एकवटण्याची गरज सर्वांनी मानली होती. पण यॉर्कशर आणि हंबर भागातील कौन्सिलांच्या संयुक्त समितीने निर्णयाची प्रक्रिया तपासली आणि प्रकरण थेट आरोग्यमंत्र्यांकडे पाठवले. अशी प्रकरणे पाहणाऱ्या स्वतंत्र फेररचना मंडळाने त्यातील दोष मान्य केले. तिकडे स्थानिक मोहिमेने उच्च न्यायालयातही दाद मागितली आणि मार्च २०१३ मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला. जूनमध्ये मंत्री जेरेमी हंट यांनी ती योजना थांबवली. लीड्समध्ये मुलांच्या हृदयशस्त्रक्रिया पुढेही चालू राहिल्या.

आता दुसरी बाजू, जी या समित्यांच्या इतिहासात सर्वांत जड आहे. स्टॅफर्ड शहरातील रुग्णालयात २००५ ते २००९ या काळात रुग्णांचे जे हाल झाले ते वाचणेही कठीण जाते. पाण्याचा पेला हाताला न लागेल इतका दूर ठेवलेला, घाण झालेल्या चादरीत तासन्‌तास पडलेली माणसे, हाक मारूनही न येणारे कर्मचारी. खर्च कमी करण्यासाठी माणसे घटवली गेली होती, आणि व्यवस्थापनाचे सगळे लक्ष ‘फाउंडेशन ट्रस्ट’ हा मानाचा दर्जा मिळवण्याकडे होते. तो १ फेब्रुवारी २००८ रोजी मिळालाही. त्याच काळात मृतांचे नातेवाईक शहरातल्या एका कॅफेत जमून ‘क्युअर द एनएचएस’ ही मोहीम उभी करत होते. स्टॅफर्डच्या बरो कौन्सिलची छाननी समिती होती, स्टॅफर्डशर परगण्याच्या कौन्सिलचीही होती. दोघींनाही काही गंभीर चालले आहे हे दिसले नाही. रॉबर्ट फ्रान्सिस यांच्या चौकशीने ६ फेब्रुवारी २०१३ रोजी २९० शिफारशींसह अहवाल दिला, त्यात नियामकांबरोबर या समित्यांवरही ठपका ठेवला. त्यांचे काम रुग्णालयाने पुरवलेल्या माहितीवर चालत होते आणि ती पडताळून पाहण्याची दुसरी वाट त्यांनी शोधली नाही. तक्रारींचा सविस्तर तपशील समित्यांना मिळावा आणि सेवा देणाऱ्या संस्थांची पाहणी करण्याचे अधिकार त्यांना असावेत, असे फ्रान्सिस यांनी सुचवले.

स्टॅफर्डमध्ये कायद्याने दिलेले अधिकार अपुरे पडले असे म्हणणे सोयीचे आहे, पण पुरेसे खरे नाही. अधिकाऱ्याला समोर बसवण्याचा, आकडे मागण्याचा हक्क तेव्हाही होता. वापरला गेला नाही तो कान. नातेवाईक त्याच गावात राहत होते. त्यांना ऐकायला कोणताही नवा कायदा लागणार नव्हता. आजही अनेक समित्यांची गत अशी की वर्षातून मोजक्या बैठका, प्रत्येकीत पाच-सहा विषय, प्रत्येक विषयावर अधिकाऱ्यांचे गुळगुळीत सादरीकरण, आणि मदतीला एखादाच छाननी अधिकारी. सभासद अर्धवेळ काम करणारे, वैद्यकीय शिक्षण नसलेले. हे शेवटचे मला दोष वाटत नाही. ‘रात्री वॉर्डात किती परिचारिका असतात?’ हा प्रश्न विचारायला पदवी लागत नाही, आणि स्टॅफर्डमध्ये नेमका तोच विचारायला हवा होता. पक्षशिस्त ही खरी अडचण. सत्ताधारी पक्षाचेच बहुमत सहसा समितीवर असते, आणि आपल्याच नेत्यांच्या खात्यावर टीका करायला धैर्य लागते. म्हणून काही कौन्सिले अध्यक्षपद विरोधकांना देतात. ती प्रथा सगळीकडे रुजायला हवी.

सामाजिक देखभालीवर नजर ठेवणे तर याहून अवघड, कारण बहुतेक केअर होम आणि घरपोच सेवा खाजगी संस्था चालवतात आणि कौन्सिल त्या विकत घेते. २०११ साली हे दोनदा उघडे पडले. साउथ ग्लॉस्टरशरमधील विंटरबोर्न व्ह्यू या खाजगी रुग्णालयात बौद्धिक अपंगत्व असलेल्या रुग्णांना होणारी मारहाण बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ कार्यक्रमाने छुप्या कॅमेऱ्याने टिपली. ११ कर्मचारी दोषी ठरले. त्याच वर्षी सदर्न क्रॉस ही देशातली सर्वांत मोठी केअर होम कंपनी कोसळली आणि सुमारे ३१,००० रहिवाशांच्या डोक्यावरचे छप्पर अनिश्चित झाले. पुढे केअर ॲक्ट २०१४ ने प्रत्येक भागात प्रौढ संरक्षण मंडळ सक्तीचे केले आणि देखभाल पुरवणारी संस्था बुडाली तरी सेवा चालू ठेवण्याचे कर्तव्य कौन्सिलवर टाकले. एप्रिल २०२३ पासून केअर क्वालिटी कमिशन हा नियामक कौन्सिलांच्या देखभाल खात्यांची पुन्हा तपासणी करून चारपैकी एक श्रेणी देतो. हे अहवाल छाननी समित्यांच्या हाती आलेले चांगले साधन आहे: खात्याच्या प्रमुखाला त्यातल्या एकेका ओळीवर थांबवता येते. मनुष्यबळ हा समित्यांपुढचा नित्याचा विषय. फेब्रुवारी २०२२ मध्ये परदेशी देखभाल कर्मचाऱ्यांना व्हिसा खुला झाल्यावर भारतातूनही मोठ्या संख्येने माणसे आली. जुलै २०२५ मध्ये नव्या परदेशी भरतीचा तो मार्ग बंद झाला.

कोविडच्या पहिल्या लाटेत मार्च २०२० मध्ये रुग्णालये रिकामी करण्याचा आदेश केंद्रातून निघाला आणि चाचणी न करताच अनेक वृद्धांना केअर होममध्ये पाठवले गेले. एप्रिल २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने ते धोरण बेकायदा ठरवले. आदेश निघाला तेव्हा कौन्सिलांच्या बैठकाच ठप्प होत्या. ऑनलाइन बैठकांना कायदेशीर परवानगी मिळाली ती ४ एप्रिल २०२० पासून.

जुलै २०२२ मध्ये हेल्थ अँड केअर ॲक्टनुसार इंग्लंडची ४२ भागांत विभागणी करून प्रत्येकात एकात्मिक देखभाल मंडळ नेमले गेले. बहुतेक मंडळांच्या हद्दीत एकाहून जास्त कौन्सिले येत असल्याने संयुक्त समित्यांचे काम वाढले. याच कायद्याने ३१ जानेवारी २०२४ पासून एक मोठा बदल केला: वादग्रस्त प्रस्ताव मंत्र्यांकडे पाठवण्याचा समितीचा खास हक्क गेला. आता मंत्री स्वतः कोणत्याही टप्प्यावर प्रकरण हाती घेऊ शकतात, आणि तशी विनंती कुणीही नागरिक करू शकतो. यॉर्कशरच्या समितीने जे केले ते आज त्याच रीतीने करता येणार नाही. माहिती मागण्याचे व सल्लामसलतीचे अधिकार शाबूत आहेत, पण त्यांच्यामागे उभा असलेला शेवटचा दबाव निघाल्याने वाटाघाटीत समितीचे वजन घटले आहे.

ब्रिटनच्या इतर भागांत वेगळ्या व्यवस्था आहेत. उत्तर आयर्लंडमध्ये आरोग्य व सामाजिक देखभाल १९७३ पासून एकाच छत्राखाली आहेत. स्कॉटलंडमध्ये २०१४ च्या कायद्याने दोन्हींसाठी संयुक्त मंडळे आणली, तर वेल्समध्ये कम्युनिटी हेल्थ कौन्सिल २०२३ पर्यंत टिकून राहिल्या आणि त्यांची जागा ‘लाइस’ या संस्थेने घेतली. इंग्लंडमध्ये रुग्णांची बाजू मांडणारी आणि समित्यांना लोकांचे अनुभव पुरवणारी ‘हेल्थवॉच’ ही संस्था मोडीत काढण्याचा इरादा सरकारने २०२५ मध्ये जाहीर केला. तसे झाले तर ते अनुभव गोळा करण्याचा बराचसा भार कौन्सिलरांवरच येईल.