स्तवन आपलं, चाल कोणाची?



पर्युषण जवळ आलं की मंडळाच्या ग्रुपवर नवी स्तवनं फिरू लागतात. बरीचशी सिनेमाच्या चालींवर, आणि त्यावरून दरवर्षी कुणीतरी नाक मुरडतं. मला ते पटत नाही, कारण ही रीत सिनेमाहून खूप जुनी. आपले साधुकवी रास लिहीत तेव्हा ढाळीच्या डोक्यावर 'देशी' म्हणून त्या काळच्या एखाद्या लोकप्रिय गाण्याचे शब्द टिपून ठेवत. म्हणजे, हे त्या चालीवर म्हणा. सतराव्या शतकातल्या समयसुंदरजींच्या रचनांत अशा देशी भरपूर आहेत. मोहनलाल दलीचंद देसाईंनी 'जैन गुर्जर कविओ'मध्ये देशींची भलीमोठी यादीच दिली आहे.

रासाच्या शेवटी कवी आपलं नाव, गुरूंचं नाव गुंफायचा. बायकांनी रचलेल्या गहुंळ्यांना मात्र बहुधा नाव नसे. आपल्याकडेच असं होतं असं नाही. इथे पनवेलच्या आसपास आगरी लग्नांत धवलारीण धवले गाते. तिला शेकडो ओळी पाठ, पण त्या पहिल्यांदा कोणी जुळवल्या ते कुठे लिहिलेलं नाही.

गाणारणीचं नाव टिकलं ते यंत्रामुळे, तेही सोयीसाठी. 1902 साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला आला. स्टुडिओ नव्हताच, हॉटेलच्या खोलीत कर्णा मांडून मुद्रण झालं. गौहर जान कर्ण्यात तोंड घालून तीनेक मिनिटं गायल्या आणि शेवटी इंग्रजीत स्वतःचं नाव सांगितलं. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापायच्या, तिथल्या माणसांना कोण गातंय ते कळावं म्हणून.

त्या तबकड्यांच्या मिश्रणात लाख असे, किड्यांपासून मिळणारी. वंदित्तु सूत्रात आपण पंधरा कर्मादानं म्हणतो, त्यात लाखेचा व्यापार आहेच. जुन्या घरांत 78 च्या तबकडीवर स्तवन ऐकताना हे कोणाच्या मनात येत असेल का, मला नेहमी वाटतं.

मग टेप आली, आणि ऐंशीच्या दशकात कॅसेट इतकी स्वस्त झाली की छोट्या गावातलं मंडळही आपली कॅसेट काढू लागलं. 1979 साली टास्कॅमने पोर्टास्टुडिओ काढला. साध्या कॅसेटवर चार ट्रॅक: एकावर आवाज, दुसऱ्यावर पेटी, तिसऱ्यावर टाळ, सगळं घरबसल्या. 2000 साली ऑडॅसिटी हे संगणकावरचं सॉफ्टवेअर फुकट मिळू लागलं. आता माईक आणि जुना लॅपटॉप एवढ्यावर भागतं.

आमच्या पनवेलच्या घरात मी कपड्यांचं कपाट उघडून त्यासमोर माईक लावते, पाठीमागे दोरीवर गोधडी. कापड घुमणारा आवाज पिऊन टाकतं. पंखा बंद, फ्रिजही तेवढा वेळ बंद. पहाटे पाचला सुरू करायचं, हायवेवरचे कंटेनर वाढायच्या आत.

सासूबाईंच्या वहीत त्यांच्या स्वतःच्या अकरा गहुंळ्या आहेत. शब्द त्यांचे, चालीही त्यांच्याच. वहीत चाल लिहिलेली नाही, ती फक्त त्यांच्या गळ्यात आहे, आणि त्या एक्क्याऐंशीच्या आहेत. म्हणून घाई. सात झाल्या. श्वास पुरत नाही तिथे थांबतो. नंतर जोडता येतं.

अडलं ते नावावर. "आई, शेवटी नाव सांगा ना," म्हटलं तर म्हणाल्या, "भगवंताच्या गाण्याला माझं नाव कशाला? मान कषाय तेवढा वाढायचा." मी म्हटलं, समयसुंदरजींनी घातलंच की. "ते साधू होते, त्यांना बाधलं नाही."

याला माझ्याकडे उत्तर नाही. पण कायदाही आठवतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे आहेत. पहिले दोन रचणाऱ्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतात. सिनेमाच्या चालीवरचं स्तवन यूट्यूबवर टाकलं तर त्यावर कंपनी हक्क सांगू शकते. या गहुंळ्यांवर तसा हक्क फक्त सासूबाईंचा. उद्या कुणी त्या आपल्या म्हणून गायल्या, तर त्या यांच्या आहेत हे दाखवायला वहीवरही नाव नाही.

परवा सातवी झाल्यावर त्या आपणहून बोलल्या, "लिही, पनवेलच्या एका श्राविकेने." मी फाइलला तेच नाव दिलंय. उरलेल्या चार चातुर्मास संपायच्या आत करायच्या आहेत.