कर्नाक पुलावरील त्रिलिपि लेख

शिलालेख म्हटला म्हणजे आमच्या वाचकांच्या डोळ्यांपुढें शिलाहारांचा गद्धेगाळ किंवा एखाद्या देवळाच्या तुळईवरील शक उभा राहतो. आगगाडीच्या रुळांवरील पुलाच्या लेखास ही पदवी द्यावी कीं काय, अशी शंका कोणी घेईल. आमच्या मतें अवश्य द्यावी.

मुंबईंत छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस व मशीद या दोन स्टेशनांमध्यें रुळांवरून जाणारा कर्नाक पूल इ. स. १८६८ (शके १७८९-९०) चा. बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी सुटली ती १८५३ सालीं; त्यास तेव्हां अवघीं पंधरा वर्षें झालीं होतीं. नांव सर जेम्स रिव्हेट कर्नाक या गव्हर्नराचें. त्याची कारकीर्द १८३९ ते १८४१. पूल धोकादायक ठरल्यामुळें नोव्हेंबर २०२२ मध्यें, सुमारें २७ तास गाड्या बंद ठेवून, तो उतरविण्यांत आला. त्या जागीं झालेला नवा पूल १० जुलै २०२५ रोजीं 'सिंदूर पूल' या नांवानें खुला झाला.

जुना पूल राखावयास हवा होता असें आम्ही म्हणत नाहीं. खालून रोज असंख्य माणसें जात असतां जीर्ण कमानींचा अभिमान धरणें हें इतिहासप्रेम नव्हे. प्रश्न आहे तो त्यावरील शिळांचा. नांव व साल यांचे लेख इंग्रजी, देवनागरी व गुजराती अशा तीन लिपींत त्यांवर कोरलेले होते. पूल कोणाच्या रहदारीसाठीं बांधला, याचें अनुमान या एका गोष्टीवरून करतां येतें. बंदरावरील व्यापारी व गाडीवान यांनीं तो वाचावा अशी बांधणारांची अपेक्षा दिसते. शिवाय आज या नांवाचे कर्नाक, कार्नाक, कारनॅक असे पाठभेद छापले जातात. १८६८ च्या पाथरवटानें कोणता पाठ कोरला, हें शिळेवरूनच ठरवावयाचें, वृत्तपत्रावरून नव्हे.

शिळा वेगळ्या काढून ठेवल्या म्हणजे काम झालें, असा समज मात्र घातक आहे. ताम्रपट कोठेंही सांपडला तरी त्यांतील चतुःसीमा त्याचें गांव सांगतात. पुलाच्या शिळेस चतुःसीमा नसतात. ती कोणत्या बाजूस, किती उंचीवर, कोणाकडे तोंड करून बसविली होती, हें भिंतच सांगते, आणि भिंत गेली कीं तें कायमचें गेलें. म्हणून ठसे, मोजमाप व छायाचित्रें हीं पहार लागण्यापूर्वीं झालीं पाहिजेत.

वेळ थोडा आहे. शीवचा १९१२ चा पूल ऑगस्ट २०२४ पासून, व परळ-प्रभादेवीकडील १९१३ चा एल्फिन्स्टन पूल सप्टेंबर २०२५ पासून, नव्या बांधकामासाठीं वाहनांस बंद झाला. मुंबईकर सभासदांनीं या दोन्ही ठिकाणीं कोरीव अक्षर, आंकडा किंवा पाथरवटाची खूण जें कांहीं हातीं लागेल त्याची नोंद, जागेच्या आराखड्यासह, आमच्याकडे पाठवावी. ठशाचा कागद व शाई आम्ही पुरवूं.