हस्तांतरण शुल्काचे हप्ते (फुटबॉल)

फुटबॉलपटूचा चालू करार संपण्याआधी दुसऱ्या क्लबने त्याला घेतले, तर जुन्या क्लबला द्यावी लागणारी भरपाई म्हणजे हस्तांतरण शुल्क. मोठ्या व्यवहारांत ही रक्कम क्वचितच एकरकमी दिली जाते. करारात ठरलेल्या तारखांना, एक ते पाच वर्षांत, ती हप्त्यांनी चुकती होते. शुल्क खेळाडूच्या हाती पडत नाही. त्याचा पगार, सही करताना मिळणारी रक्कम आणि दलालाचे मानधन ही स्वतंत्र खाती असून क्लबच्या अंदाजपत्रकात ती निराळी मांडावी लागतात. वृत्तपत्रांत छापून येणारा आकडा या चारांपैकी नेमका कशाचा, हे न पाहता केलेल्या तुलना फसव्या ठरतात.

पूर्वपीठिका : इंग्लंडमध्ये १८८५ साली व्यावसायिक खेळाला मान्यता मिळाली आणि खेळाडूची नोंदणी ही क्लबची मत्ता बनली. १९०५ मध्ये मिडल्सब्रोने संडरलंडकडून आल्फ कॉमनला १,००० पौंडांना घेतले, तेव्हा इंग्लंडमध्ये मोठी खळबळ उडाली होती. करार संपल्यानंतरही जुना क्लब शुल्क मागू शकत असे. ती पद्धत युरोपीय न्यायालयाने १५ डिसेंबर १९९५ रोजी झाँ-मार्क बोस्मन या बेल्जियन खेळाडूच्या खटल्यात मोडीत काढली. त्यानंतर शुल्काला आधार राहिला तो फक्त कराराच्या शिल्लक मुदतीचा. साहजिकच करार लांबले, आकडे वाढले आणि हप्त्यांना महत्त्व आले. आजच्या जागतिक नियमावलीचा सांगाडा २००१ मधील आहे.

अंदाजपत्रकातील मांडणी : क्लबच्या हिशेबात एकाच व्यवहाराच्या दोन नोंदी होतात आणि त्या एकमेकींशी जुळतीलच असे नाही. पहिली नोंद नफातोटा पत्रकात होते. खेळाडूची नोंदणी ही अमूर्त मत्ता मानली जाते आणि तिची किंमत कराराच्या वर्षांवर समान वाटून दरवर्षी खर्ची टाकली जाते. दुसरी नोंद रोकडीची : कोणत्या तारखेला बँकेतून किती पैसे जाणार. पैसे कसेही दिले तरी पहिली नोंद बदलत नाही, आणि हिशेब कसाही मांडला तरी दुसरी टळत नाही.

एक कल्पित उदाहरण घेऊ. क्लबने ४ कोटी रुपये शुल्क ठरवून खेळाडू घेतला; करार चार वर्षांचा, पगार वर्षाला १ कोटी. नफातोटा पत्रकात दरवर्षी शुल्काचा १ कोटी आणि पगाराचा १ कोटी, असा २ कोटी खर्च दिसेल. शुल्क दोन वर्षांत दोन हप्त्यांनी द्यायचे ठरले असेल, तर पहिली दोन वर्षे प्रत्यक्षात ३-३ कोटी जातील आणि पुढची दोन वर्षे १-१ कोटी. दोन वर्षांनी हाच खेळाडू ३ कोटींना विकला, तर पुस्तकी किंमत २ कोटी उरलेली असल्याने १ कोटी नफा त्याच वर्षी दाखवता येतो. ते ३ कोटी मात्र पुढचा क्लबही हप्त्यांनीच देणार. पत्रकात नफा आणि तिजोरीत खडखडाट, ही स्थिती अशी तयार होते. खर्चाचे अंदाजपत्रक केवळ नफातोटा पत्रकावरून करणारे व्यवस्थापन इथेच अडचणीत येते. पाहावयाचे ते हप्त्यांच्या तारखांचे कोष्टक, आणि त्याच्याशेजारी प्रायोजक, प्रक्षेपण हक्क व तिकीटविक्रीचे पैसे येण्याच्या तारखा.

हप्ता म्हणजे विकणाऱ्या क्लबने घेणाऱ्याला दिलेले कर्जच होय, आणि बहुतेक वेळा ते बिनव्याजी असते. ४ कोटींपैकी १ कोटी आज आणि उरलेले तीन वर्षे दरसाल १ कोटी असे ठरले, तर १० टक्के व्याजदराने त्या चार हप्त्यांची आजची किंमत सुमारे ३ कोटी ४९ लाख भरते. म्हणून जाणता विक्रेता एकरकमी रकमेला कमी भाव मान्य करतो, किंवा हप्ते हवे असतील तर भाव चढवतो. ज्याला थांबणे परवडत नाही तो आपले येणे बँकेकडे तारण ठेवतो अथवा कसर सोसून विकतो. जुन्या पेढ्यांवर हुंडी मुदतीपूर्वी वटवत, तोच हा व्यवहार. मॅक्वारी या ऑस्ट्रेलियन वित्तसंस्थेने इंग्लिश क्लबांना अशा येण्यावर कर्जे दिली आहेत. मुख्य रकमेखेरीज सामने, गोल, विजेतेपद यांवर अवलंबून असलेली वाढीव देणी आणि पुढच्या विक्रीतील टक्का अशीही कलमे असतात. ती घडतील की नाही हे ठाऊक नसले, तरी सावध खजिनदार त्यांच्यासाठी तरतूद ठेवतो.

रोकड आणि हिशेब यांतील फरक दाखवणारी दोन मोठी उदाहरणे आहेत. २०१७ मध्ये नेमारसाठी पॅरिस सें-जर्मेनने बार्सिलोनाला २२.२ कोटी युरो एकरकमी दिले. करारमुक्तीची रक्कम स्पेनमध्ये तशीच भरावी लागते. हिशेबात मात्र ती पाच वर्षांच्या करारावर वाटली गेली. याउलट २०२३ च्या जानेवारीत चेल्सीने एन्झो फर्नांडेझसाठी बेन्फिकाला १२.१ कोटी युरो हप्त्यांनी देऊ केले आणि करार २०३१ पर्यंत केला, त्यामुळे वार्षिक बोजा हलका दिसला. ही वाट इतरांनीही धरू नये म्हणून युरोपीय संघटनेने त्याच वर्षी खर्च वाटण्याची मुदत पाच वर्षांवर बांधली. डिसेंबर २०२३ मध्ये प्रीमियर लीगनेही तेच केले. बंधन फक्त हिशेबाच्या मुदतीवर आहे, कराराच्या लांबीवर किंवा हप्त्यांच्या संख्येवर नाही. मँचेस्टर युनायटेड हा शेअर बाजारात नोंदलेला क्लब असल्याने त्याचे आकडे जाहीर होतात : २०२४ च्या सुमारास त्याचे हस्तांतरणापोटीचे देणे ३० कोटी पौंडांच्या पुढे होते.

थकबाकी : २०१५ पासून जागतिक नियमावलीत थकलेल्या देण्यांबाबत स्वतंत्र कलम आहे. देणे ३० दिवसांहून अधिक थकले, त्याला करारातला सकृद्दर्शनी आधार नसला आणि येणेकऱ्याने लेखी नोटीस देऊन किमान १० दिवसांची मुदत दिलेली असली, तर देणेकरी क्लबवर कारवाई होते. ताकीद, दंड आणि शेवटी एक वा दोन हस्तांतरण कालावधींसाठी नव्या खेळाडूंच्या नोंदणीवर बंदी, अशी ती चढत जाते. अनेक करारांत आणखी एक अट घातलेली असते : एक हप्ता चुकला की उरलेले सर्व हप्ते ताबडतोब देय. छोट्या विक्रेत्याने ही अट न घालता सही करू नये.

हप्ते आणि जोखीम यांचा सर्वांत तपशीलवार नोंदलेला वाद एमिलियानो साला या अर्जेंटिनी खेळाडूच्या मृत्यूनंतरचा आहे. जानेवारी २०१९ मध्ये फ्रान्समधील नान्तने त्याला वेल्समधील कार्डिफ सिटीकडे १.७ कोटी युरोंना दिले. रक्कम तीन हप्त्यांत होती, पहिला ६० लाखांचा. २१ जानेवारीला कार्डिफकडे येताना विमान समुद्रात कोसळून त्याचा मृत्यू झाला. खेळाडू आमच्याकडे कधी आलाच नाही, म्हणून व्यवहार पूर्ण झाला नाही, असे कार्डिफचे म्हणणे होते. जागतिक संघटनेने त्याच वर्षी पहिला हप्ता देण्याचा आदेश दिला आणि ऑगस्ट २०२२ मध्ये लोझानच्या क्रीडा लवादाने तो कायम केला. नोंदणी पूर्ण झाली त्या क्षणी देणे जन्माला आले, हे तत्त्व त्यातून पक्के झाले. खेळाडू जखमी झाला, खेळेनासा झाला किंवा हयात राहिला नाही तरी हप्ता थांबत नाही. म्हणून विम्याचा खर्च अंदाजपत्रकात शुल्काच्या शेजारीच धरला पाहिजे.

भावी उत्पन्न गृहीत धरून केलेला खर्च कसा अंगाशी येतो, याचे उदाहरण इंग्लंडमधील लीड्स युनायटेडचे. त्याने २००० च्या सुमारास भावी तिकीटविक्रीवर ६ कोटी पौंडांचे कर्ज काढून आणि खेळाडू भाडेपट्ट्याने घेऊन संघ उभारला. २००१ मध्ये तो चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत पोहोचला, पण पुढे तेथील पात्रता हुकली आणि २००४ मध्ये तो खालच्या श्रेणीत गेला.

भारत : भारतात शुल्काची परंपरा तोकडी आहे. मुंबईत कूपरेजच्या मैदानावर आणि हारवूड लीगमध्ये खेळणारे बरेच बलाढ्य संघ आस्थापनांचे होते : टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, आरसीएफ, बँका, रेल्वे, एअर इंडिया. तिथे संघ बदलणे म्हणजे नोकरी बदलणे. कायम नोकरी, निवासस्थान आणि निवृत्तिवेतन हेच खेळाडूचे मोल होते आणि ते आयुष्यभर मासिक पगारातून चुकते होई. हा इतिहास मुंबईच्या फुटबॉलवरील लिखाणात फारसा येत नाही, ही खेदाची गोष्ट आहे. कित्येक मराठी कुटुंबांना या नोकऱ्यांनी स्थैर्य दिले. गिरण्या बंद पडल्या, आस्थापनांनी भरती थांबवली आणि २०१० मध्ये महिंद्रा युनायटेडही विसर्जित झाला. गोव्यात धेंपो, साळगावकर यांसारख्या उद्योगघराण्यांनी क्लब पोसले. २०१६ मध्ये ते राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले.

इंडियन सुपर लीग २०१४ मध्ये सुरू झाली. १० जुलै २०१५ रोजी मुंबईत झालेल्या लिलावात मुंबई सिटीने सुनील छेत्रीसाठी १ कोटी २० लाख आणि पुणे सिटीने युजिनसन लिंगडोहसाठी १ कोटी ५ लाखांची बोली लावली. हे आकडे हस्तांतरण शुल्क म्हणून उद्धृत केले जातात. ते खेळाडूंचे मानधन होते. क्लबाकडून क्लबाला लक्षणीय शुल्क देण्याची प्रथा त्यानंतर रुळली. गोव्याचा लिस्टन कोलासो २०२१ मध्ये हैदराबादहून कोलकात्याला गेला तेव्हा शुल्क सुमारे १ कोटी असल्याच्या बातम्या होत्या. भारतीय क्लब खासगी कंपन्या असल्याने हप्त्यांचे तपशील सहसा बाहेर येत नाहीत.

अन्वर अली या खेळाडूचे प्रकरण त्याला अपवाद ठरले. दिल्ली एफसीने २०२३ मध्ये त्याला चार वर्षांसाठी मोहन बागानकडे उसनवारीवर दिले होते. २०२४ मध्ये तो करार मोडून अन्वर ईस्ट बंगालकडे गेला. राष्ट्रीय संघटनेच्या समितीने सप्टेंबरमध्ये खेळाडू, दिल्ली एफसी व ईस्ट बंगाल यांच्यावर मिळून १२ कोटी ९० लाखांची भरपाई बसवली. दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान मिळाल्यावर आदेश मागे घेऊन फेरसुनावणीचे ठरले. गुणदोषांवर येथे मत देण्याचे कारण नाही. लांब मुदतीच्या उसनवारीत पैसे टप्प्याटप्प्याने जात असताना खेळाडू मधेच गेला तर उरलेल्या देण्याचे काय, हा प्रश्न मात्र त्यातून उघड झाला.

हप्त्यांचा पाया भावी उत्पन्न हा असतो. राष्ट्रीय संघटनेने २०१० मध्ये पंधरा वर्षांसाठी ७०० कोटींना दिलेल्या व्यापारी हक्कांची मुदत डिसेंबर २०२५ मध्ये संपणार होती, नवा करार झाला नाही आणि जुलै २०२५ मध्ये आगामी हंगामच स्थगित करण्यात आला. काही क्लबांनी पगार रोखले. २०१९ पासून मुंबई सिटीची बहुसंख्य मालकी असलेला सिटी फुटबॉल ग्रुप वर्षअखेरीस बाहेर पडला. पुढच्या दोन हंगामांचे उत्पन्न गृहीत धरून सही केलेले प्रत्येक देणे अशा वेळी उघडे पडते.

बोळिंज व वसई पट्टा; प्रशिक्षक क्लबाचा वाटा : विरार पश्चिमेकडून आगाशी-अर्नाळ्याच्या वाटेवरचे बोळिंज आता म्हाडाच्या मोठ्या वसाहतीमुळे शहरात मिसळले आहे. तेथे हस्तांतरण शुल्क देणारा व्यावसायिक क्लब नाही. वसई तालुक्यात चर्चच्या पटांगणांवर आणि गावमैदानांवर फुटबॉल मनापासून खेळला जातो, आणि इथल्या होतकरू मुलाची वाट विरार लोकलने मुंबईकडे जाते. अशा ठिकाणच्या क्लबाचा हप्त्यांशी संबंध येतो तो प्रशिक्षणाच्या वाट्यातून, आणि प्रस्तुत विषयात सर्वांत दुर्लक्षित तोच आहे.

खेळाडू करार चालू असताना एका देशातून दुसऱ्या देशात गेला, तर शुल्कातील ५ टक्के रक्कम त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटली जाते. १२ ते १५ या वयाच्या प्रत्येक हंगामासाठी शुल्काच्या ०.२५ टक्के, पुढच्या प्रत्येक हंगामासाठी ०.५ टक्के. समजा, बोळिंजच्या एखाद्या क्लबात मुलगा बारा ते सोळा या वयाचे पाच हंगाम खेळला आणि पुढे १ कोटी शुल्कावर परदेशी गेला. त्या क्लबाचा वाटा १.५ टक्के, म्हणजे १ लाख ५० हजार. शुल्क २५ लाखांच्या चार हप्त्यांत असेल, तर वाटाही ३७,५०० च्या चार हप्त्यांत येणार, प्रत्येक हप्त्यामागोमाग. वरचा हप्ता थकला की खालचा आपोआप थकतो. चेंडू, जाळी आणि मैदानाचे भाडे भागवणाऱ्या क्लबासाठी दीड लाख ही मोठी रक्कम आहे.

पूर्वी हा वाटा छोट्या क्लबाने स्वतः मागावा लागे आणि बहुतेकांना आपला हक्क ठाऊकच नसे. नोव्हेंबर २०२२ पासून पॅरिसस्थित क्लिअरिंग हाउस नोंदणीच्या इतिहासावरून वाटा ठरवते आणि घेणाऱ्या क्लबाकडून वसूल करून वाटते. मात्र ज्या हंगामात मुलाची राष्ट्रीय संघटनेच्या संगणकीय प्रणालीत रीतसर नोंद नाही, त्या हंगामाचा वाटा मिळवणे कठीण. स्पर्धेपुरती वहीत नावे लिहिणाऱ्या क्लबाने बाराव्या वर्षापासून ही नोंद करून घ्यावी. त्याला लागणारे श्रम मिळणाऱ्या हक्कापुढे थोडे आहेत. विरारहून अंधेरीला किंवा गोव्याला झालेल्या बदलाला ही जागतिक तरतूद लागू नाही. तिथे राष्ट्रीय संघटनेचे नियम चालतात. करार संपवून विनाशुल्क गेलेल्या खेळाडूमागे ५ टक्क्यांचा प्रश्नच येत नाही.

कोल्हापूर : पाटाकडील, दिलबहार, खंडोबा आदी तालमींच्या संघांत खेळाडूंची हंगामी नोंदणी होते; शुल्काची पद्धत नाही.

महिला फुटबॉल : जानेवारी २०२५ मध्ये नेओमी गिर्मा या अमेरिकन बचावपटूसाठी चेल्सीने दिलेले शुल्क १० लाख डॉलरांच्या पुढे जाणारे पहिले होते.