जिवाणूयुक्त दाणेदार खत : चंद्रपूर-गडचिरोलीतील सुपीकतेचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

चंद्रपूर आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून वेगळा झालेला गडचिरोली हे पूर्व विदर्भातील वनजिल्हे होत. वैनगंगेच्या खोऱ्यात भात हे प्रमुख पीक आहे. येथे जिवाणूयुक्त दाणेदार खताकडे बहुधा नवे तंत्र म्हणून पाहिले जाते. परंतु जमिनीची सुपीकता कोणी निर्माण करावयाची व ती कोणाच्या हाती असावी, हा त्यामागील प्रश्न जुना आहे.

पारंपरिक व्यवस्था

झाडोरा जाळून त्याच्या राखेत पेरणी करणारी फिरती शेती १८७८ च्या वन कायद्यानंतर राखीव जंगलांच्या सीमांमुळे आक्रसत गेली. मैदानी भागात कोहळी समाजाच्या कौशल्यातून उभे राहिलेले तलाव सिंचनाबरोबरच सुपीक गाळही पुरवीत. उन्हाळ्यात हा गाळ बंडीने बांधीत नेला जाई. उभ्या धानात लाखोळी फेकून पेरण्याच्या उतेरा पद्धतीत शेंगवर्गीय पिकाच्या मुळांवरील जिवाणू जमिनीला नत्र देत. जिवाणूचे नाव ठाऊक नसतानाही त्याचे कार्य शेतीत सामावलेले होते. १९५१ मध्ये मालगुजारी संपुष्टात आली आणि तलाव शासनाकडे गेले. मालगुजारी नष्ट होणे न्याय्यच होते. परंतु तलावांच्या देखभालीची जुनी व्यवस्थाही तिच्यासोबत मोडली.

प्रयोगशाळेतून शेतापर्यंत

मुळांवरील गाठींतील जिवाणू १८८८ मध्ये बायरिंक या डच शास्त्रज्ञाने वेगळा केला. त्यानंतर काही वर्षांतच जर्मनीत नोबे व हिल्टनर यांच्या प्रयत्नांतून जिवाणू संवर्धन बाजारात आले. भारतात १९५६ मध्ये व्यापारी उत्पादन सुरू झाले. १९८३ मध्ये राष्ट्रीय प्रकल्प हाती घेण्यात आला आणि २००६ मध्ये जिवाणू खते खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आली. पुढे सुधारलेल्या निकषांनुसार भुकटी वा दाणेदार खतात प्रतिग्रॅम किमान ५ कोटी जिवंत पेशी असणे आवश्यक ठरले.

दाणेदार रूपाची मर्यादा

भुकटी वाऱ्याने उडते. दाणा मात्र रासायनिक खताप्रमाणे हाताने फेकता येतो. कंपोस्ट, खनिज भुकटी व बंधक द्रव्य फिरत्या तबकडीवर ओलसर करून दाणे वळले जातात. ते सुकविण्याची उष्णता जिवाणूंना मारक असते. म्हणून दाणे आधी सुकवून, थंड झाल्यावर त्यांवर संवर्धन फवारणे किंवा अल्प तापमानात सुकविणे, हाच सुरक्षित मार्ग होय. खरी अडचण कारखान्याबाहेर आहे. पेरणीपूर्वीची साठवण व वाहतूक ऐन मे महिन्यात होते. तेव्हा चंद्रपूरचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो. मृत दाणा व जिवंत दाणा दिसावयास सारखाच असतो. शेतकरी पैसे मोजतो, परंतु पारख करू शकत नाही.

समारोप

गाळाचा कस शेतकरी डोळ्यांनी व हाताने ओळखत असे. जिवाणूयुक्त दाण्याचा कस प्रयोगशाळाच सांगू शकते. सुपीकतेवरील ताबा येथे ज्ञानाच्या अंगाने शेतकऱ्याच्या हातून निसटतो. दाण्याचे वाहक द्रव्य गावात तयार होऊ शकते. शुद्ध संवर्धन व पेशीगणना मात्र गावाबाहेरच्या प्रयोगशाळेतून यावी लागते. स्थानिक महाविद्यालयांच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागांनी पेरणीपूर्वी नमुने तपासून दिल्यास हे अंतर काही अंशी भरून निघेल. तसे न झाल्यास जिवंत खताच्या नावाने केवळ माती विकली जाण्याचा धोका कायम राहील.