रेडिओला प्रश्न विचारणारी गावं

आज फवारणीचं वेळापत्रक नाही, थोडा इतिहास सांगतो. कारण मात्र शेतातलंच आहे.

गेल्या खरिपात मक्यावर लष्करी अळी दिसली. एका व्हिडिओत एका गड्याने कीटकनाशक, युरिया, सूक्ष्म अन्नद्रव्य आणि स्टिकर, सगळं एकाच पंपात कालवून मारलेलं दाखवलं होतं. मीही तसंच केलं, तेही भर अकराच्या उन्हात. तिसऱ्या दिवशी अर्ध्या एकरातले पोंगे करपले. चूक माझीच. पण पुन्हा व्हिडिओ बघितला तेव्हा ध्यानात आलं, गडी सगळं प्रमाण "पंपाला" म्हणून सांगत होता. पंप किती लिटरचा ते कुठंच नाही. खाली चार-पाच जणांनी हेच विचारलं होतं, नंतर मीही विचारलं. आजपर्यंत उत्तर नाही.

त्यावरून जुनी गोष्ट आठवली, आपल्याच भागातली.

1956 साल. पुणे आकाशवाणी सुरू होऊन तीनच वर्षं झालेली. युनेस्कोच्या मदतीनं तिथं एक प्रयोग झाला. पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावं निवडली. प्रत्येक गावात साधारण वीस माणसांचं एक मंडळ. आठवड्यातून दोनदा सगळे एकत्र बसून अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकायचे. दहा आठवड्यांत वीस कार्यक्रम. मूळ कल्पना कॅनडाच्या शेतकऱ्यांची, तिकडं 1941 पासून अशी रेडिओ मंडळं चालू होती.

खरी गंमत कार्यक्रम संपल्यावर. रेडिओ बंद करायचा आणि चर्चा करायची. आपल्या गावात हे जमेल का, जमत नसेल तर अडचण काय, हे बोलायचं. जे प्रश्न सुटले नाहीत ते लिहून केंद्राकडं पाठवायचे आणि पुढच्या कार्यक्रमांत त्यांची उत्तरं यायची. म्हणजे 1956 मध्ये, ज्या गावांत वीजसुद्धा पोचली नव्हती तिथले शेतकरी रेडिओला उलट प्रश्न विचारत होते!

मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनं याची तपासणी केली, पॉल न्यूराथ नावाचे समाजशास्त्रज्ञ त्याचे प्रमुख होते. त्यांनी तुलना नीट केली, आपण प्लॉटशेजारी कंट्रोल ठेवतो तशी. काही गावं मंडळवाली, काही नुसता रेडिओ असलेली, काही बिनरेडिओची. आधी आणि नंतर लोकांना तेच प्रश्न विचारले. मंडळवाल्या गावांत माहिती चांगलीच वाढली. नुसता रेडिओ होता तिथं त्या मानानं फार कमी. आवाज दोन्हीकडं तोच होता. काही मंडळांनी पुढं विहिरी खोदल्या, शुद्ध जातीचे वळू आणि लेगहॉर्न कोंबड्या आणल्या, बालवाड्या काढल्या.

एक खोटही सांगतो. मंडळांत बहुतेक बाप्येच. खुरपणी, वेचणी, दूधदुभतं ज्यांच्या हातात त्या बाया बहुतेक बाहेरच राहिल्या.

1959 मध्ये सरकारनं ही मंडळं देशभर न्यायचं ठरवलं. संख्या वाढली, पण प्रत्येक मंडळाच्या प्रश्नाला उत्तर देणारं माणूसबळ त्या मानानं वाढलं नाही. साठच्या दशकात ट्रान्झिस्टर आला, रेडिओ चावडीवरून प्रत्येकाच्या बांधावर गेला. ऐकणारे वाढले, एकत्र बसणं मोडलं. रेडिओची ताकद मात्र कमी नव्हती. तंजावरकडं एडीटी-27 हे भाताचं वाण रेडिओवरून इतकं पसरलं की लोक त्याला 'रेडिओ भात'च म्हणायला लागले.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. 26 जानेवारी 1967 ला दिल्लीजवळच्या 80 गावांसाठी 'कृषी दर्शन'. 1975-76 ला उपग्रहावरून सहा राज्यांतल्या 2400 गावांत टीव्ही, त्यात आपलं राज्य नव्हतं. मग आपल्याकडं मुंबई दूरदर्शनचं 'आमची माती, आमची माणसं'. प्रशिक्षण व भेट योजना आली, ठरल्या वारी कृषी सहायक संपर्क शेतकऱ्याकडं यायचा. आमचे वडील म्हणतात, चहा एकाच्या घरी आणि माहितीही त्याच घरी मुरायची. हे थोडं तिखट आहे, पण अगदी खोटं नाही. 2004 च्या जानेवारीत किसान कॉल सेंटर सुरू झालं, 1800-180-1551. तिथं निदान प्रश्न शेतकऱ्याचा असतो.

2016 नंतर डेटा स्वस्त झाला आणि शिकणं खिशात आलं. याला मी नावं ठेवणार नाही. 2018 च्या मे महिन्यात कर्नाटकात अमेरिकन लष्करी अळी पहिल्यांदा सापडली, त्याच पावसाळ्यात ती सोलापूर भागात आली. पुस्तकात नव्हती, दुकानदाराला माहीत नव्हती. डोक्यावर उलटा इंग्रजी वाय आणि शेपटीकडं चौकोनात चार ठिपके, ही ओळख आम्हाला आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर झाली. एकानं फोटो टाकला, ग्रुपमधल्या कृषीच्या सरांनी विचारलं, "अळीचा शेपटीजवळचा फोटो टाका, आणि पोंग्यात भुसा दिसतोय का?" तासाभरात तीन गावांतून फोटो आले.

हे 1956 सारखंच झालं, नाही का? उलट बरं, कारण आमच्या वहिनी त्यात लिहितात. सगळ्यात नेमके प्रश्न त्यांचेच असतात: किती लिटरला, कोणत्या वेळी, फवारणीनंतर चारा किती दिवसांनी जनावराला घालायचा. करपलेल्या पोंग्यांचा फोटो मी टाकला तेव्हा पहिला प्रश्न त्यांचाच होता, "भावजी, आधी चार झाडांवर मारून बघितलं का?"

नव्हतं बघितलं.

व्हिडिओ बघणं मी सोडलेलं नाही. पण आता बुधवारी संध्याकाळी आम्ही सात-आठ जण गोठ्यासमोर बसतो, एकच व्हिडिओ लावतो, मोबाईल उलटा ठेवतो आणि बोलतो. सुटलेले प्रश्न वहिनी वहीत लिहितात आणि सरांना पाठवतात. या बुधवारी वहीत पहिला प्रश्न आहे: सहा पानांच्या मक्यात कामगंध सापळा पिकापेक्षा किती उंच बांधायचा. कुणी बांधला असेल तर खाली लिहा, आणि तुमचा पंप किती लिटरचा तेही लिहा.